महागाई, व्याजाचा दर व अमेरिकेंतील शेतकरी

महागाई आली म्हणजे शेतकऱ्याची चंगळ होते, असा एक समज शहरांतील लोकांत रूढ आहे. आणि धान्याचे भाव चढूं लागले म्हणजे कांहीं काळ आपणांसहि तसेंच वाटूं लागतें. या समजाची परीक्षा पाहावयाची तर ती श्रीमंत देशांत पाहावी. तेथें शेतकरी संख्येनें थोडे, त्यांच्या जमिनी मोठ्या, आणि भाव, कर्ज व जमिनीची किंमत यांचे आंकडे वर्षानुवर्षें नीट लिहून ठेवलेले. अशा देशांत महागाई आली व गेली तेव्हां स्वतःची जमीन असलेल्या शेतकऱ्याचें काय झालें, हें आमच्या वाचकांनीं अवश्य पाहण्यासारखें आहे.

हा विषय आठवण्यास कारणहि तसेंच घडलें. इ. स. २०२१ पासून २०२३ पर्यंत युरोप व अमेरिका या खंडांत चाळीस वर्षांत न पाहिलेली महागाई झाली. जून २०२२ मध्यें अमेरिकेंतील राहणीचा खर्च आदल्या वर्षाच्या त्याच महिन्यापेक्षां शेंकडा ९.१ नें अधिक होता. ब्रिटनमध्यें ऑक्टोबर २०२२ त हाच आंकडा ११.१ वर गेला, आणि मार्च २०२३ मध्यें तेथील खाद्यपदार्थ एका वर्षांत शेंकडा १९ हून अधिक महागलेले आढळले. कोविडच्या सांथींत सरकारांनीं हात सैल सोडून वांटलेला पैसा, अडून पडलेली जहाजें व कारखाने, आणि फेब्रुवारी १९२२ नव्हे, तर बरोबर शंभर वर्षांनंतरच्या फेब्रुवारींत, म्हणजे २०२२ सालीं, युक्रेनवर झालेली रशियाची स्वारी, अशीं याचीं कारणें सांगतात. एका वस्तूची तूट दुसरीस कशी भोंवते याचें एक उदाहरण तर मौजेचें आहे. सप्टेंबर २०२१ मध्यें इंधनवायु महागल्यामुळें ब्रिटनमधील खताचे दोन मोठे कारखाने बंद पडले. खत करतांना त्यांतून कार्बन डायऑक्साइड वायु जोडउत्पन्न म्हणून निघत असे. तो तेथें डुकरें कापण्यापूर्वीं बेशुद्ध करण्यास आणि मांस टिकाऊ रीतीनें बांधण्यास लागतो. खत बंद होतांच खाटिकखाने अडण्याची वेळ आली, आणि सरकारास पदरचे पैसे घालून एक कारखाना पुन्हां सुरू करवावा लागला.

या शेंकड्यांचा अर्थ प्रथम नीट ध्यानांत घेतला पाहिजे. सरकारी खातें एका सामान्य कुटुंबाच्या खर्चाची एक टोपली कल्पितें. घर, अन्न, प्रवास, औषधपाणी इत्यादि वस्तूंपैकीं जिच्यावर खर्च अधिक, तिला त्या टोपलींत वजन अधिक. अमेरिकेच्या टोपलींत घराच्या खर्चाचा वांटा सुमारें एकतृतीयांश असून अन्नाचा वांटा शेंकडा तेरा-चौदाच्या आसपास आहे. शिवाय अन्नावर खर्च होणाऱ्या प्रत्येक डॉलरांतील अवघे १५ सेंटांच्या आसपास शेतकऱ्याच्या हातीं पडतात. बाकीचे दळणारा, बांधणारा, वाहणारा, विकणारा व शिजवून वाढणारा यांच्यांत वांटले जातात. म्हणून पाव महागला म्हणजे गव्हाच्या मालकास कांहीं मिळालेंच, असें धरून चालतां येत नाहीं. दुसरी गोष्ट अशी कीं, महागाई उतरणें आणि भाव उतरणें एक नव्हे. गाडीचा वेग कमी झाला म्हणून ती मागें येत नाहीं. अमेरिकेंत २०२३ अखेर महागाई साडेतीन टक्क्यांच्या आंत आली तेव्हां वर्तमानपत्रांनीं संतोष व्यक्त केला. पण त्याच वेळीं भावांची एकंदर पातळी २०२० च्या आरंभींपेक्षां सुमारें शेंकडा १९ नें वर होती व तेथेंच राहिली. मंत्र्यांचें समाधान आणि गृहिणीची तक्रार हीं दोन्ही एकाच वेळीं खरीं असूं शकतात.

आतां मूळ कथेकडे वळूं. तिचा आरंभ पन्नास वर्षांमागें झाला. १५ ऑगस्ट १९७१ रोजीं अध्यक्ष निक्सन यांनीं दोन गोष्टी एकदम जाहीर केल्या. परदेशी सरकारांस औंसास ३५ डॉलर या दरानें सोनें देण्याची हमी त्यांनीं स्थगित केली, आणि देशांतील मजुरी व भाव नव्वद दिवसांकरितां गोठविले. व्हिएतनामच्या युद्धाचा खर्च व घरचा वाढता खर्च यांमुळें डॉलर सोन्याच्या मानानें फार झाले होते. हमी गेली तशी त्यांची किंमतहि घसरली. पुढच्याच वर्षीं रशियांतील पीक बुडालें, आणि त्या सरकारानें फारसा गाजावाजा न करितां अमेरिकेंतून प्रचंड प्रमाणांत धान्य खरेदी केलें. गव्हाचा भाव दोन वर्षांच्या आंत अडीच-तीनपट झाला. त्यावर १९७३ च्या ऑक्टोबरांत अरब राष्ट्रांनीं खनिज तेल अडविलें, आणि पिंपास सुमारें ३ डॉलर असलेलें तेल चार महिन्यांत १२ डॉलरांच्या घरांत गेलें. १९७४ सालीं अमेरिकेंतील महागाई शेंकडा ११ झाली.

सरकारनें प्रथम योजिलेला उपाय भाव बांधून देण्याचा. त्याचा शेतकऱ्यास आलेला अनुभव सांगण्यासारखा आहे. मार्च १९७३ मध्यें मांसाच्या भावास कमाल मर्यादा घातली गेली. जूनमध्यें सर्वच किरकोळ भाव साठ दिवस गोठविले. मात्र शेतांतून निघणारा कच्चा माल या बंधनांतून मोकळा होता. परिणाम असा झाला कीं कोंबड्यांचें खाद्य चढत गेलें आणि कोंबडीचा भाव जागच्या जागीं राहिला. पोसून विकण्यांत नुकसान, म्हणून टेक्ससमध्यें हजारों पिल्लें पाण्यांत बुडवून मारण्यांत आलीं, व तीं चित्रें लोकांनीं दूरदर्शनवर पाहिलीं. गुरें पाळणाऱ्यांनीं गुरें बाजारांत धाडण्याचें थांबविलें. स्वस्त मांस मिळावें म्हणून केलेल्या नियमानें दुकानांतील मांसच नाहींसें झालें.

त्याच जूनच्या अखेरीस सरकारनें सोयाबीनची निर्यात बंद केली. ती बंदी थोड्याच दिवसांत सैल करण्यांत आली. पण आपल्या सोयाबीनसाठीं मुख्यतः अमेरिकेवर विसंबून असलेल्या जपाननें तिचा बोध घेतला. जपाननें ब्राझीलच्या सेराडो नामक माळरानांत सोयाबीनची लागवड वाढविण्यास भांडवल व तज्ज्ञ पुरविले, आणि आज सोयाबीनच्या निर्यातींत ब्राझील अमेरिकेच्या पुढें आहे. डिसेंबर २०२३ ची कांद्याची निर्यातबंदी ज्यांनीं भोगली, त्या नाशिककडील वाचकांस यावर अधिक भाष्य नको. गिऱ्हाईक एकदां दुसऱ्या दुकानीं गेलें म्हणजे दार उघडल्याबरोबर परत येत नाहीं.

शेतकऱ्यास मात्र या सुमारास भविष्याची काळजी नव्हती. शेतकी-मंत्री अर्ल बट्झ हे गांवोगांव सांगत होते कीं कुंपणापासून कुंपणापर्यंत पेरा, जगास तुमचें धान्य हवें आहे. जमीन ज्याच्याकडे थोडी त्यानें ती वाढवावी, असा त्यांचा उपदेश असे. बँकाहि हात पसरून उभ्या होत्या. जमिनीवरील कर्जाचें व्याज शेंकडा आठाच्या आसपास आणि महागाई अकरा. म्हणजे उसने घेतलेले डॉलर फेडण्याच्या वेळेपर्यंत हलके होणार, हें उघड होतें. अशा वेळीं कर्ज काढणारा शहाणा ठरतो आणि न काढणारा खुळा. मक्याचा मुलूख म्हणून प्रसिद्ध असलेल्या आयोवा संस्थानांत तेथील विश्वविद्यालय दरवर्षीं जमिनीच्या भावाची पाहणी करितें. त्या पाहणीप्रमाणें एकरी सरासरी भाव १९७० सालीं ४१९ डॉलर होता. १९८१ त तो २,१४७ डॉलर झाला. अकरा वर्षांत पांचपट! जमीन चढते म्हणून तिच्यावर कर्ज मिळे, कर्ज मिळे म्हणून आणखी जमीन घेतां येई, आणि घेणारे वाढले म्हणून जमीन आणखी चढे. जमिनीच्या उत्पन्नाकडे पाहण्याचें भान या चक्रांत कोणास राहिलें नाहीं.

आमच्या मुलखानें हा खेळ शंभर वर्षें आधीं पाहिलेला आहे. १८६१ ते १८६५ या अमेरिकेंतील यादवीच्या काळांत तिकडील कापूस बंद झाला, येथील कापसास सोन्याचा भाव आला, आणि सावकारांनीं शेतकऱ्यास मागेल तितकें कर्ज दिलें. युद्ध संपलें, भाव कोसळले, सरकारनें साऱ्याची आकारणी वाढविली, आणि कर्ज मात्र होतें तेवढेंच राहिलें. मे १८७५ मध्यें पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें सावकारांचे कर्जरोखे जाळण्यास आरंभ झाला, व १८७९ मध्यें दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला, हा इतिहास सर्वांस विदित आहे.

अमेरिकेंतहि कुरबूर सुरू झाली ती भरभराटीच्या ऐन मध्यावरच. धान्याचा भाव वर जातो तसा खालींहि येतो. डिझेल, खत व ट्रॅक्टर यांचा भाव एकदां वर गेला कीं खालीं येण्याचें नांव घेत नाहीं. १९७७ पर्यंत गहूं बराच उतरला होता, पण खर्चाची बाजू चढतीच होती. तेथील शेतकरी १९१० ते १९१४ या पांच वर्षांस आपलें सुवर्णयुग मानीत. त्या काळीं एका बुशेल गव्हांत जितकें कापड किंवा अवजार येई तितकेंच आजहि यावें, अशा भावास ते समता-भाव म्हणत, आणि तो पुरा मिळावा अशी त्यांची मागणी होती. फेब्रुवारी १९७९ मध्यें हजारों शेतकरी शेंकडों कोसांवरून ट्रॅक्टर हांकीत राजधानींत येऊन बसले. त्यांच्या पदरीं फारसें कांहीं पडलें नाहीं.

त्याच वर्षाच्या ऑगस्टांत पॉल व्होल्कर हे फेडरल रिझर्व्ह या मध्यवर्ती बँकेचे प्रमुख झाले. मध्यवर्ती बँक ही बँकांची बँक होय. इतर बँकांस तेव्हां आपल्या ठेवींचा कांहीं भाग तिच्याकडे शिल्लक ठेवावा लागे. मध्यवर्ती बँकेनें आपल्याजवळील सरकारी रोखे बाजारांत विकले म्हणजे त्यांची किंमत या शिलकींतून तिच्याकडे येते, इतर बँकांजवळ पैशाची तूट पडते, आणि त्या एकमेकींकडून जो पैसा रातोरात उसना घेतात त्याचें व्याज चढतें. तें चढलें कीं घर, मोटार, दुकानांतील माल व शेतांतील पेरणी या सर्वांसाठीं काढावयाच्या कर्जाचें व्याज चढतें. घेणारे थबकतात, कारखानदार मजूर कमी करितात, मजुरी वाढेनाशी होते, आणि शेवटीं भावांची चढण थांबते. तापकऱ्यास लंघन घालण्यासारखा हा उपाय आहे. ताप उतरतो हें खरें. पण घरांतील सर्वांसच सारखें उपाशी राहावें लागतें असें नाहीं.

६ ऑक्टोबर १९७९ रोजीं व्होल्कर यांनीं हें लंघन सुरू केलें. १९८० सालीं महागाई शेंकडा १३.५ होती, त्या वर्षाच्या अखेरीस बँका आपल्या पहिल्या प्रतीच्या गिऱ्हाइकांसहि शेंकडा २१.५ व्याज लावूं लागल्या. घरें बांधणाऱ्यांनीं निषेध म्हणून लांकडाचे तुकडे व्होल्कर यांस टपालानें पाठविले, मोटारविक्यांनीं न खपलेल्या मोटारींच्या किल्ल्या पाठविल्या. १९८२ अखेर बेकारीचें प्रमाण शेंकडा १०.८ झालें. महागाई मात्र १९८३ त ३.२ वर आली. आजहि तेथील बहुतेक अर्थशास्त्रज्ञ व्होल्कर यांस धन्यवाद देतात, आणि पेन्शनवर किंवा शिलकीवर जगणाऱ्या माणसाच्या दृष्टीनें पाहिलें तर ते योग्यच आहे.

शेतकऱ्यावर या उपायाचा घाव तिहेरी पडला. व्याज वाढलें हा पहिला. दुसरा दूरचा, पण अधिक खोल. अमेरिकेंत व्याज चांगलें मिळतें म्हणून जगांतला पैसा तिकडे धांवला, डॉलर महाग झाला, आणि त्याबरोबर अमेरिकेचें धान्य परदेशी गिऱ्हाइकास महाग पडूं लागलें. मेक्सिको, ब्राझील आदिकरून डॉलरांत कर्ज काढून बसलेलीं राष्ट्रें १९८२ पासून स्वतःच दिवाळखोरीच्या काठावर आलीं. तीं धान्य कशानें घेणार? शिवाय अफगाणिस्तानावरील स्वारीमुळें अध्यक्ष कार्टर यांनीं जानेवारी १९८० मध्यें रशियास धान्य देण्याचें थांबविलें होतें; ती बंदी पुढील वर्षाच्या एप्रिलपर्यंत टिकली. शेतमालाची निर्यात १९८१ मध्यें ४३ अब्ज डॉलरांच्या वर होती, ती १९८६ पर्यंत २६ अब्जांच्या आसपास आली. तिसरा घाव खुद्द जमिनीवर. आयोवांतील तीच जमीन १९८६ सालीं एकरी ७८७ डॉलरांस आली.

याचा अर्थ एका खात्यापुरता मांडून पाहूं. हें खातें कल्पित आहे. जमिनीचे व मक्याचे भाव खरे आहेत. समजा, आयोवांतील एका शेतकऱ्याची २०० एकर जमीन वडिलोपार्जित व कर्जमुक्त आहे. १९८० च्या सुमारास शेजारची १०० एकर जमीन एकरी २,००० डॉलरांनीं विकावयास निघाली, आणि जुन्या जमिनीच्या तारणावर २ लक्ष डॉलर कर्ज काढून त्यानें ती घेतली. १९८१ च्या भावानें त्याच्या ३०० एकरांची किंमत ६ लक्ष ४४ हजार डॉलर झाली, म्हणजे कर्ज वजा जातां तो सुमारें ४ लक्ष ४४ हजारांचा धनी. कोणत्याहि बँकेनें त्यास आदरानें खुर्ची दिली असती. व्याज बाजाराबरोबर बदलावयाचें असा करार असल्यामुळें आठाचे बारा टक्के झाले असें धरल्यास त्यास वर्षास १६ हजारांऐवजीं २४ हजार डॉलर व्याज द्यावें लागे. नव्या १०० एकरांत एकरी १२० बुशेल मका पिकला तर १९८० च्या ३.११ डॉलर भावानें त्याचे ३७ हजार येत. १९८६ च्या दीड डॉलर भावानें १८ हजार. सरकारकडून मिळणारी पूरक रक्कम सोडली तर, बीं, खत, तेल व मजुरी यांचा एक सेंटहि न वजा करितां, सबंध पीक व्याजालाच पुरत नाहीं. आणि १९८६ च्या भावानें ३०० एकरांची किंमत २ लक्ष ३६ हजार. त्यांतून मुद्दल २ लक्ष गेलें म्हणजे उरले ३६ हजार. तीं शेजारची शंभर एकर त्यानें घेतलींच नसतीं, तर भाव कोसळूनहि वडिलांच्या दोनशें एकरांची किंमत १ लक्ष ५७ हजार राहिली असती, व कोणाचें एक पैचें देणें नसतें.

या शेतकऱ्यानें मूर्खपणा केला असें म्हणण्यास आम्ही तयार नाहीं. मंत्र्यांनीं पेरा म्हटलें, बँकेनें घ्या म्हटलें, आणि दहा वर्षांचा अनुभव दोघांच्याहि बाजूचा होता. ज्या सरकारानें एका हातानें त्यास पुढें लोटलें, त्याच सरकारच्या बँकेनें दुसऱ्या हातानें दोर ओढला, आणि मधल्या माणसाचा हिशेब दोघांनींहि ठेविला नव्हता. उलट ज्यांनीं १९७९-८० त जमीन विकून निवृत्ति घेतली, ते वृद्ध शेतकरी कांहीं न करितां श्रीमंत झाले. महागाईचा लाभ व तोटा उद्योगाच्या मानानें वांटला जात नाहीं. कोण केव्हां आंत शिरला व केव्हां बाहेर पडला यावर तो वांटला जातो.

पुढील दोन-तीन वर्षें लिलांवांचीं गेलीं. न्यायकचेऱ्यांसमोरील हिरवळीवर गेलेल्या प्रत्येक शेताचा एक याप्रमाणें लांकडी क्रूस पुरून लोक मूकपणें उभे राहत. १९८५ सालीं देशांत १२० बँका बुडाल्या. त्यांपैकीं सुमारें निम्म्या शेतकीस कर्ज देणाऱ्या होत्या. शेतकऱ्यांच्याच सहकारी मालकीची जी मोठी कर्जसंस्था, तिला त्या एका वर्षांत २.७ अब्ज डॉलरांचा तोटा झाला, आणि १९८७ च्या कायद्यानें सरकारास तिला आधार द्यावा लागला. सप्टेंबर १९८५ मध्यें इलिनॉय संस्थानांतील शँपेन येथें विली नेल्सन प्रभृति गायकांनीं शेतकऱ्यांच्या साह्यार्थ मोठा जलसा केला.

२०२२ सालीं हाच औषधोपचार पुन्हां झाला. मार्च २०२२ त जवळजवळ शून्य असलेला मध्यवर्ती बँकेचा व्याजदर जुलै २०२३ पर्यंत शेंकडा सव्वापांच ते साडेपांच झाला. या वेळीं मात्र आयोवांतील जमीन कोसळली नाहीं. १९८६ प्रमाणें तिचे तुकडे होतील असें भाकीत करणारे पुष्कळ होते. पण २०२२ त एकरी ११,४११ डॉलर असलेला भाव २०२३ त ११,८३५ झाला आणि २०२४ त थोडा उतरून ११,४६७ वर आला. कारण साधें आहे. १९८५ सालीं त्या देशांतील शेतीच्या एकंदर मालमत्तेच्या मानानें कर्ज शेंकडा २२ होतें. अलीकडे तें तेराच्या आसपास आहे. ज्यांनीं तें दशक पाहिलें त्यांनीं व त्यांच्या मुलांनीं जमीन घेतांना घरचा पैसा अधिक घातला. सरासरीच्या पोटांत अपवाद दडलेले असतात हें खरें, आणि खंडानें जमीन करणाऱ्या तरुणास वाढत्या खंडाचा व पेरणीच्या कर्जावरील व्याजाचा ताप या वेळींहि झालाच.

त्या संकटांतून निघालेली एक तजवीज अद्याप चालू आहे. १९८६ मध्यें तेथील दिवाळखोरीच्या कायद्यांत कुटुंबाच्या शेतीसाठीं एक स्वतंत्र प्रकरण घातलें गेलें. तदनुसार शेतकऱ्यास जमीन न सोडतां न्यायालयापुढें फेडीचा आराखडा ठेवितां येतो, आणि जमिनीच्या चालू किंमतीहून जेवढें कर्ज अधिक असेल तेवढ्यास तारणाचें संरक्षण उरत नाहीं. आरंभीं हें प्रकरण कांहीं वर्षांपुरतेंच होतें. २००५ मध्यें तें कायम झालें. त्याचा लाभ किती कर्जापर्यंत घेतां यावा याची मर्यादा २०१९ मध्यें १ कोटि डॉलरांपर्यंत वाढविण्यांत आली, आणि ती मर्यादा आतां दर तीन वर्षांनीं महागाईच्या निर्देशांकाप्रमाणें वाढविली जाते.